हळद कोणाले लागली

आई, काल दादाचा फोन आला होता. यंदाही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅच आहे म्हणाला, आणि बॉलला हळद वहिनीच लावणार आहे म्हणाला. पहिली गोष्ट सांगायला फोन केला असेल तर ठीक, दुसरी सांगायची काही गरज नव्हती. मग फोन त्याच्या लेकीने घेतला. ती कुठल्याशा मासिकासाठी आपल्या मॅचवर लिहिणार आहे. ‘आत्या, खरं सांग,’ म्हणाली, ‘सीझनच्या या पहिल्या मॅचचं आता लोकांना काही वाटतं का, की नुसती रीत म्हणून चालू आहे?’ मी म्हटलं, विचार करून सांगते. रात्रभर विचार केला आणि तिला सांगण्यासारखं काही सुचलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी खोटं बोलूनही माझा काही फायदा नाही.

भाचीला आपलं फाटकाजवळचं क्वार्टर नीट आठवत नाही. फाटक आता बंद आहे, वरून पूल गेला. पण आपल्या वेळी वर्ध्यात माणूस कुठला हे विचारलं की उत्तर दोनच असत, रुळाच्या अल्याडचा नाहीतर पल्याडचा. आपण तेवढे कुठलेच नव्हतो. बाबा फाटकवाले. त्यांनी फाटक पाडलं की अल्याडची बैलगाडी आणि पल्याडचा स्कूटरवाला सारखेच ताटकळत, आणि सारख्याच शिव्या देत. म्हणूनच दोन्हीकडच्या फुटबॉलवाल्यांचा बाबांवर विश्वास होता. सीझन संपला की कातड्याचा, वादीने शिवलेला तो बॉल बाबांच्या हवाली व्हायचा, आणि मग उन्हाळाभर, पावसाळाभर तो देवाच्या फळीखाली जाळीत पडून असायचा. पावसाळ्यात मैदानाच्या काळ्या मातीत घोट्यापर्यंत पाय रुतत. पोळ्यापर्यंत जमीन जरा सावरली की दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी, पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरत असताना, अल्याड विरुद्ध पल्याड ही मॅच व्हायची आणि सीझन सुरू झाला असं समजायचं.

हळदीची गोष्ट मला बाबांनी सांगितली, तू कधीच नाही. तू समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याची लेक. दावणीला बैल, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांची खांदशेकणी, लोणी-हळद कालवून खांदे चोळायचे आणि कानाशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आणि लग्न होऊन आलीस कुठे, तर दोन खोल्यांच्या क्वार्टरात. दावण नाही, बैल नाही, बाहेर नुसत्या मालगाड्या. पहिल्या पोळ्याच्या संध्याकाळी तू चुलीपुढून उठलीस म्हणे. वाटीत लोणी घेतलंस, हळद घातलीस आणि फळीखालचा बॉल मांडीवर घेऊन चोळायला लागलीस. बाबा ड्युटीवरून आले ते दारातच थांबले.

‘अवं, याले खांदा कुठं हाय?’ त्यांनी विचारलं.

‘ज्याले सारं गाव लाथा मारते, त्याचं सारं आंगच खांदा,’ तू म्हणालीस, आणि बॉलवर वाकून हळूच आवतन दिलंस, ‘आज आवतन घ्या, उद्या खेळाले या.’

दुसऱ्या दिवशी पहिलाच उंच आलेला बॉल पल्याडच्या एका पोराने डोक्यावर घेतला आणि त्याचं कपाळ पिवळं झालं. सगळं मैदान हसलं. आणि त्याच वर्षी त्या पोराचं लग्न जमलं. तेवढं पुरलं. पुढच्या पोळ्याला दोन्हीकडचे कॅप्टन आपल्या दारात उभे, ‘काकू, हळद लावजो बरं.’ तेव्हापासून मॅच सुरू झाली की लोक गोलकडे बघतच नसत. पहिला उंच बॉल कोणाच्या कपाळावर बसतो यावर सगळ्यांचा डोळा. ज्यांचं ठरलेलं असायचं ते धावत पुढे येत, ज्यांना इतक्यात अडकायचं नसे ते वाकून बॉल सोडून देत, आणि लागली की चौफेर एकच गलका व्हायचा, ‘हळद लागली, हळद लागली!’ क्वार्टरांच्या गच्च्यांवरून बायका ओरडत. तू मात्र एकदाही मैदानावर आली नाहीस. तू चुलीपुढे बसली आहेस, दोन्ही टीमसाठी कालच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करते आहेस, बाहेर गलका होतो आणि तू मान न वळवता म्हणतेस, ‘अल्याडच्याले लागली.’ आणि मी धापा टाकत बातमी घेऊन आलेली असते, ती तुला आधीच ठाऊक असते. मला किती राग यायचा. तेवढी एक बातमी तरी तू माझ्याकडून घ्यायला हवी होतीस.

मला त्या बॉलचा हेवा वाटायचा, हे आज सरळच लिहिते. मला तू ‘अय, इकडं ये’ म्हणायचीस आणि त्याला ‘घ्या’, ‘या’. माझ्या केसांना तेल लावताना तुझा हात घाईत असायचा, बुचकाभर केस ओढूनच यायचे, आणि बॉलच्या शिवणीतून तुझा अंगठा असा फिरायचा की त्याला कुठे दुखेल की काय. मी रुसायची. पुरणपोळी आणखी हवी असली तरी मागायची नाही, रिकाम्या ताटापुढे तोंड फुगवून बसायची. तू दोनदा विचारायचीस आणि तिसऱ्यांदा ताट उचलायचीस. ‘तोंड हाय नं तुले? मग माग. मागतलं त कोणी मारत नाई,’ हे तुझं नेहमीचं. मी मागत नसे. न मागता दिलेलंच आपलं, असं मला तेव्हा वाटे. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

तरी मोठी होताना मी सगळं शिकून घेतलं होतं. लोणी किती, हळद किती, वादीच्या गाठीत हळद साचू द्यायची नाही, गाठीच्या उलटी, पोटाकडची बाजू शेवटी. मॅट्रिक झाले तोवर लोणी मीच काढून ठेवत होते आणि तू फक्त लावत होतीस. पुढे तुझी बोटं सांध्यात दुखायला लागली, तेव्हा मी मनाशी धरूनच चालले होते की आता वाटी माझ्याकडे येणार. आणि बाबांच्या जागी फाटकावर लागलेल्या दादाचं लग्न झालं. वहिनी नागपूरची. फुटबॉल आणि व्हॉलीबॉल यात फरक काय हे तिने पहिल्याच आठवड्यात दादाला विचारलं होतं. तिचा आपल्याकडचा पहिला पोळा. मी लोणी काढून, हळद कुटून, पाट मांडून तयार. तू आलीस आणि तिला म्हणालीस, ‘ये वं बाई, बस इथं.’ आणि वाटी तिच्या हातात दिलीस.

‘ती काऊन?’ मी म्हटलं. ‘मी हाय नं.’

‘तू त जाशीन,’ तू म्हणालीस. ‘बॉल इथंच राहीन.’

‘मंग बॉललेच ठेव पोरगी म्हणून.’

तू रागावली नाहीस. ‘तेवढं लोणी सरकव तिच्याकडं,’ एवढंच म्हणालीस. मी लोणी सरकवलं आणि पाहात राहिले. वहिनीने कणीक तिंबावी तसा तो बॉल तिंबला. हळद गाठीत साचली. आवतनाच्या वेळी ती लाजली, पदर तोंडावर घेऊन काहीतरी पुटपुटली, आणि तू कौतुकाने हसलीस. तसं तू माझ्याकडे बघून कधी हसली होतीस ते मी आठवायला बसले आणि मला आठवेना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले ती एकच इच्छा धरून, की हळद कोणालाच लागू नये. ती लागली, आणि नेहमीपेक्षा जास्त पिवळी लागली, कारण गाठीत साचलेली सगळी त्या पोराच्या कपाळावर उतरली. लोक म्हणाले, नवीन सुनेचा हात चांगला आहे.

मग मी खरंच गेले. जाम गावाला दिलंस मला. हायवेला लागून शेत, रात्रंदिवस ट्रक, आणि गोठ्यात चार बैल. खरे बैल, खरे खांदे. पाठवणीच्या वेळी तू मला एक वाटी दिलीस, पितळेची, कोरी करकरीत. मी ती हातात घेतली आणि मनात म्हटलं, नवी का, जुनी का नाही. सासरी दरवर्षी खांदशेकणीला मी चार बैलांचे आठ खांदे चोळले. सासूबाई म्हणायच्या, सुनबाईच्या हाताखाली बैल कसे डोळे मिटतात बघा. मला काही वाटायचं नाही. माझं सगळं लक्ष पोळा कधी फुटतो, बैल कधी घरी परततात आणि वर्ध्याची बस कधी मिळते इकडे. बैलांना नैवेद्य दाखवला की मी पिशवी उचलून निघायची. नवरा विचारायचा, ‘त्या मॅचमधलं तुले काई समजते का?’ समजायचं मला. पण मी मॅच बघायला जात होते असं कोणी सांगितलं त्याला.

बस पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असायची. मी घरात शिरायची तेव्हा वहिनी पाटावर बसलेली, मांडीवर बॉल, हातात वाटी. जणू मी बघितलं नाही तर तिला हळद लावताच येत नव्हती. ‘आल्या का ताई?’ म्हणायची आणि वाटी तशीच धरून माझ्याकडे बघत राहायची. मी म्हणायची, ‘चालू द्या तुमचं,’ आणि भिंतीला टेकून बसायची. मग ती लावायची. मला वाटे, ही मुद्दाम मला दाखवून दाखवून लावते. तू गेलीस त्यानंतरच्या पोळ्यालाही हेच. घरात तुझा पाट, तुझी वाटी, आणि वाटीत तिचा हात. त्या दिवशी मी रडले, ते लोकांना वाटलं तुझ्या आठवणीने. निम्मं तसंच होतं.

पुढे मॅचचे दिवस फिरले. घरोघर टीव्ही आले, पोरांच्या हातात बॅटी आल्या, मैदानाच्या एका कोपऱ्यात बारा महिने क्रिकेट चालू झालं. गच्च्यांवरच्या बायका कमी झाल्या. एका वर्षी तर पल्याडच्यांना टीम पुरी करायला अल्याडचा एक पोरगा उसना घ्यावा लागला. कमिटीतले म्हणायला लागले, कोणासाठी करायची आता ही मॅच? मला ऐकून वाईट वाटलं आणि, लपवत नाही, बरंही वाटलं. मॅचच राहिली नाही तर कोण कशाला हळद लावेल. त्याच सुमारास कमिटीने नवा बॉल आणला. पांढरा, चकचकीत, वरून प्लास्टिकसारखा लेप. वादी नाही, गाठ नाही. त्यावर लोणी ठरेल कसं?

नेमकी त्याच वर्षी माझी बस चुकली. पोळा उशिरा फुटला, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने वर्ध्याला पोचले. क्वार्टरसमोर दादा झाडू घेऊन उभा. आत वहिनी, केस विस्कटलेले, आणि पाटावर तो नवा बॉल काळा कुळकुळीत झालेला. जवळ गेले तर तो काळेपणा हलत होता. मुंगळे. लोणी घसरतं म्हणून बाईने गुळाचा पाक केला होता, पाकात हळद कालवून बॉल छान माखला होता, आणि देवाच्या फळीखाली ठेवून झोपली होती. मला हसू आवरेना. तुझ्या हातून असं कधी झालं असतं का? मी मनातल्या मनात दोन्ही कॅप्टनांना, कमिटीला, सगळ्या वर्ध्याला बोलावून तो बॉल दाखवत होते.

‘हासा,’ वहिनी म्हणाली. ‘हासून घ्या. काल शेवटच्या गाडीपावतर वाटी धरून बसली मी. तुमी आल्या नाई. लोणी घसरे, काई सुचे नाई, मंग केला गूळ.’

‘माह्यासाठी काऊन बसाव? हळद त तुमीच लावता.’

 ती खाली बसली आणि बॉलवरचे मुंगळे झटकत झटकत, माझ्याकडे न बघता बोलली. ‘आईनं सांगतलं होतं मले. पोरीले वाटी आपून होऊन द्याची नाई. पण तिनं मागतली त लगेच दे, एक शबद बोलू नको. म्हणून बसते मी दरवर्षी. मले का हौस हाय का त्या बॉलची? मले वाटे, आज मागन, आज मागन. तुमी भिंतीले टेकून बसता आन् म्हणता, चालू द्या तुमचं.’

आई, हे तू तिला सांगितलंस. मला नाही, तिला. हळद गेली त्यापेक्षा हे मला जास्त झोंबलं. माझ्याबद्दलची गोष्ट, माझ्या स्वभावाची, तुझी-माझी, ती तू दोन बायकांत बोललीस आणि त्यातली एक मी नव्हते. त्या क्षणी वाटी तिच्या गुडघ्याशी पडलेली होती, रिकामी. मला फक्त हात पुढे करायचा होता. मी म्हटलं, ‘तुमच्या घरची चीज हाय. मी काऊन मागू?’

 वहिनी उठली, बॉल नळाखाली धुतला, उन्हात पुसून वाळवला आणि जवसाच्या तेलात हळद कालवून चोळायला बसली. जवसाचं तेल चिकट, ते धरून राहिलं. आवतन देताना आता ती लाजत नव्हती. ‘कालचं आवतन मुंगळ्यायनं खाल्लं,’ बॉलला म्हणाली, ‘आता आजच घ्या, आन् आजच खेळाले या.’ तुझ्यासारखं नव्हतं ते, तिचं तिचं होतं, आणि चांगलं होतं. म्हणून आणखीच जळले.

दुपारी मैदानावर माणसं थोडी होती. एका बाजूला क्रिकेटवाल्यांनी खेळ थांबवलाच नव्हता. अल्याडकडे एक जुना बॅक होता, पस्तिशीकडे झुकलेला, बारा वर्षं उंच बॉल आला की मान खाली घालून हळद चुकवत आलेला. त्या दिवशी कोणीतरी मारलेला बॉल क्रिकेटवाल्यांच्या स्टंपांवर आदळून परत उडाला आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या याने वळून बघेपर्यंत थेट त्याच्या कपाळावर बसला. जवसाचं तेल ते, कपाळापासून नाकापर्यंत पिवळाधमक.  मग जो गलका झाला, तो थोड्या माणसांचा होता हे मला ऐकूनही पटेना. क्रिकेटवाली पोरं बॅटी टाकून धावत आली. गच्च्यांवर बायका आल्या, चपलासुद्धा न घालता. फाटकाशी थांबलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. चुलीपुढे बसून तू ओळखलंच असतंस, कोणाला लागली ते.

दुसऱ्या दिवशी जामच्या बसमध्ये कंडक्टरने पुढच्या सीटवरच्या माणसाला तिकीट देता देता विचारलं, ‘काल मॅच झाली म्हणते. हळद कोणाले लागली?’ तो माणूस मैदानावर गेलाच नव्हता, तरी त्याला ठाऊक होतं. सगळी बस हसली. जामला उतरले तर चहाच्या टपरीवर तोच प्रश्न, आमच्या घरी गड्याचा तोच. मॅच कोण जिंकलं हे एकानेही विचारलं नाही. मला स्वतःला आठवत नाही. त्यानंतर कमिटीने मॅच बंद करायचा विषय काढला नाही, निदान माझ्या कानावर आला नाही. भाचीला हे सांगता येईल, की लोकांना मॅचचं काही नाही आणि हळदीचं आहे. पण मग ती विचारेल, आणि तुला? तिला काय सांगू? ‘वाटीतला तुझ्या आईचा हात बघून इतकी वर्षं माझ्या पोटात दुखतंय,’ हे तिच्या मासिकात छापण्यासारखं नाही.

दादाने फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. वहिनीचा उजवा हात यंदा नीट चालत नाही, पण ती कोणाला वाटी देत नाही. यंदा मी लावते म्हणून तिची सून पुढे झाली तर म्हणाली, थांब वं, पोळ्याची शेवटची गाडी येऊ दे. इतकी वर्षं झाली आणि ती अजून थांबते. मी अजून मागितलेलं नाही. कधीकधी वाटतं, मागितली असती तर एका पोळ्याला लावून मोकळी झाले असते आणि पुढच्या पोळ्याला बस धरली नसती. जळते म्हणून तर जाते. गच्चीवरून आम्ही जेवढ्या बायका बघतो त्यांत ती मॅच माझ्याइतकी मनापासून दुसरी कोणी बघत नसेल.

हे भाचीला पाठवणार नाही आणि वहिनीच्या हाती तर पडूच देणार नाही. एवढंच, की काल फोन झाल्यावर तुझी ती पितळेची वाटी माळ्यावरून काढली, लोणी-हळद कालवली आणि टोपलीतलं कोहळं मांडीवर घेतलं. हात सगळा आठवला, पोटाकडची बाजू शेवटी हेसुद्धा. दार लावलेलं होतं, म्हणून आवतनही दिलं. आज भाजीला काय करायचं म्हणून सून मघापासून दोनदा विचारून गेली, आणि आवतन दिलेलं कोहळं चिरायचं कसं म्हणून मी अजून ते तिला दिलेलं नाही.